जे भुईला टेकलं ते आमचं

डॉक्टर राजेश्री आणि डॉक्टर योगीराज यांनी फारकत घ्यायचं ठरवलं, पण त्यासाठी साधं भांडणसुद्धा केलं नाही, ही योगीराजच्या वडिलांची, भगवानरावांची, मुख्य तक्रार होती. ताडकळसमध्ये असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. ताटं आपटली नाहीत, कुणी रडत माहेरी गेलं नाही, शेजाऱ्यांना भिंतीला कान लावायचीही सोय ठेवली नाही. सकाळी चहा पिता पिता योगीराज म्हणाला, "दादा, आमचं दोघांचं जुळंना. आमी वेगळं व्हायलोत." राजेश्रीने मान डोलावली आणि कपबशा विसळायला घेतल्या.

"आरं पर झालं काय?" भगवानराव ओरडले.

"काईच न्हाई झालं," योगीराज म्हणाला. "तेच तर."

खरं कारण सगळ्या गावाला दिसत होतं. योगीराजला दात आवडत नसत. घरात एक डॉक्टर पाहिजे असा वडिलांचा हट्ट होता, म्हणून तो डॉक्टर झाला. मोठ्या डॉक्टरकीला नंबर लागला नाही, म्हणून दातांचा झाला. कॉलेजात त्याला राजेश्री भेटली. तिला दात मनापासून आवडत, आणि तिच्या नादात आपल्यालाही आवडतात असं त्याला दोन-तीन वर्षं वाटलं. पुढे बसस्टँडसमोर भगवानरावांच्या गाळ्यात दवाखाना निघाला. आत राजेश्री काम करायची, बाहेर योगीराज पेशंटांना गुलाबाचं कलम कसं बांधावं ते समजावून सांगायचा. त्याला नर्सरी टाकायची होती. माणसाच्या जबड्यापेक्षा त्याला कुंडी बरी वाटायची, ती निदान थुंकत नाही. तिला सुखदुःख बोलायला नवरा हवा होता आणि त्याला न बोलणारी झाडं हवी होती. दोघंही माणसं चांगली; शेजारी म्हणून तर फारच उत्तम ठरली असती.

राजेश्रीला या घरातलं काही नको होतं. दागिने नकोत, खोली नको, पोटगी नको. तिला दवाखाना हवा होता. दाढ दुखली की उपटून टाकायची, एवढंच ज्या गावाला माहीत होतं, त्या गावाला तिने दाढ वाचवायला शिकवलं होतं. पण बोर्डावर वर ठळक नाव योगीराजचं, खाली बारीक अक्षरांत तिचं; गाळा सासऱ्यांचा, खुर्ची सासऱ्यांनी घेऊन दिलेली. दवाखाना हातचा गेला तर परभणीत कुणाच्या तरी हाताखाली पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. 

वाटणीची बैठक दवाखान्यातच बसली. भगवानरावांनी परभणीहून बन्सीधर वकील आणले होते. राजेश्रीने आपल्या वडिलांना जिंतूरलाच थांबवलं; आपली बाजू आपणच मांडायची असं तिने ठरवलं होतं. सासूबाई, म्हणजे कुसुमबाई, कोपऱ्यात पदर सावरून बसल्या. दवाखान्यात मदतीला असणाऱ्या गीताबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या आपल्या नेहमीच्या स्टुलावर हजर होत्या.

"दवाखान्याचे असे भाग पडतात," वकिलांनी घसा साफ केला. "जागा, सामान आणि गुडविल. आता कायद्यानं—"

"थांबा," भगवानरावांनी हात वर केला. "वाटणी मला शिकवू नका. आमच्या भावाभावांची वाटणी म्या बांधावर बसून केलीय, कोरटाची पायरी चढलो न्हाई. आपला कायदा एकच. जे भुईला टेकलं ते आमचं. बाकीचं समदं तिचं."

"म्हणजे कसं?" वकिलांनी चष्मा काढला.

"कसं म्हंजे? खुर्ची भुईला टेकलीय. आमची. त्यो घुरघुर करणारा कॉम्प्रेसर टेकलाय. आमचा. फ्रीज आमचा, कपाट आमचं, टेबल आमचं."

"आन् टेबलावरचं, मामा?" राजेश्रीने सासऱ्यांना हळूच विचारलं.

भगवानराव हट्टी होते, पण बेइमान नव्हते. त्यांनी टेबलाकडे वाकून पाहिलं. "टेबल टेकलंय, त्याच्यावरचं न्हाई टेकलं. वरचं तुझं."

अशा रीतीने पकडी, आरसे, इंजेक्शनं, सिमेंटच्या बाटल्या आणि हत्यारं उकळून काढायचं कुकरएवढं यंत्र राजेश्रीकडे गेलं. भिंतीवरच्या एक्स-रे मशीनपाशी भगवानराव जरा अडखळले. भिंत भुईला टेकली होती, पण मशीन भिंतीला. "भिंतीला टेकलेलं तिचं," त्यांनी शेवटी न्याय दिला आणि आपल्या उदारपणावर स्वतःच खूश झाले. राहता राहिली मोठी खुर्ची, आणि ती तर त्यांच्याकडे होतीच.

"आन् गीताबाई?" योगीराजने विचारलं.

गीताबाईंनी चपळाईने दोन्ही पाय उचलून स्टुलाच्या दांडीवर ठेवले. "म्या वरीच हाय. बगून घ्या."

"जा तिच्यासंगं," भगवानराव म्हणाले.

"आता गुडविल," वकील घाईने म्हणाले. "भगवानराव, हे जरा शांतपणे ऐका—"

"कुठं ठिवलंय त्ये?"

"ठेवलेलं नसतं हो. ते दिसत नाही. त्याला वजन नसतं."

"भुईला टेकतं का?"

"टेकायचा प्रश्नच येत नाही! गुडविल म्हणजे दवाखान्याचं नाव, फोन नंबर, लोकांचा विश्वास. ज्याच्याकडे गुडविल, त्यानंच गावात दातांचा दवाखाना चालवायचा. दुसऱ्यानं—"

"वकीलसाब, तुमाला इथं म्या आणलंय का तिनं?" भगवानराव तापले. "दिसंना, वजन न्हाई, भुईला टेकंना, असल्या वस्तूपायी म्या सुनंसंगं हुज्जत घालू? गाव तोंडात शेण घालंल माझ्या. देऊन टाका तिला!"

वकिलांनी दातांच्या कण्या केल्या. भगवानराव ऐकेनात.  राजेश्रीने योगीराजकडे पाहिलं. गुडविल म्हणजे काय ते त्याला चांगलं ठाऊक होतं. तो फिरत्या पंख्याकडे टक लावून बघत होता आणि त्याचे ओठ हसू दाबून दाबून वाकडे झाले होते. गुडविल तिच्याकडे गेलं की ताडकळसमध्ये याला दात बघायची बंदी. म्हणजे त्याचीही सुटका. लग्न झाल्यापासून ती दोघं एकाच गोष्टीवर, एकाच वेळी गप्प बसण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

तरी राजेश्रीचा स्वभाव आडवा आला. "मामा, एकदा विचार करा बरं का. मागून म्हणताल, सांगितलं न्हाई."

"भगवानराव शब्द देतो आन् मोकळा होतो," सासरे मिशीवर हात फिरवत म्हणाले. "माघारी घेत न्हाई."

बाहेर पडल्या पडल्या गीताबाईंनी हत्यारांची पिशवी डोक्यावर घेतली. राजेश्रीच्या हाती आता दवाखान्याचं नाव होतं, फोन होता, आख्ख्या गावाचे दात होते. फक्त पेशंटला टेकवायला जागा नव्हती. गाळ्याच्या अगदी समोर दत्ताचं सलून होतं. दत्ताच्या आईची दाढ राजेश्रीने वाचवली होती, आणि म्हातारी अजून त्या दाढेने शेंगा फोडून दाखवायची.

"म्याडम, माझ्याकडं दोन खुर्च्या हायेत," दत्ता म्हणाला. "गिऱ्हाइकाला एक बास. दुसरी तुमची. मागं पडती, डोकं टेकायला उशी हाय, पाणी हाय, आरसा तर मोफत."

गीताबाईंनी ती खुर्ची औषधाच्या पाण्याने इतकी घासली की मूळचा लाल रंग गावाला प्रथमच दिसला. मधोमध पडदा लावला. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळीच फोन वाजायला लागला.

पहिला घोटाळा आश्रुबाचा झाला. आश्रुबा दर बाजाराला दत्ताकडे यायचा. आज दारात नव्या बाई दिसल्या.

"काय काढायचंय?" गीताबाईंनी विचारलं.

"दाढी," आश्रुबा म्हणाला आणि गालावर बोट ठेवलं.

बाजाराच्या गलक्यात गीताबाईंना 'दाढ ही' असं ऐकू आलं. "कोणत्या बाजूची?"

आश्रुबाने त्यांच्याकडे चमकून पाहिलं. "दोन्ही बाजूची की! एका बाजूची करून गावात कसा हिंडू?"

"म्याडम, दोन्हीकडच्या दाढा!" गीताबाईंनी आत वर्दी दिली.

आश्रुबा खुर्चीत बसला. "तोंड उघडा," राजेश्री म्हणाली. हल्ली दाढी करायच्या नवनव्या पद्धती निघाल्यात हे तो ऐकून होता, म्हणून त्याने आ केला. राजेश्रीने आरसा फिरवला. "डाव्या बाजूला दुखतंय का?"

"लय दिवसापासून. पर तुमाला कसं कळलं?"

"दिसायलंय की. काढायची म्हणता?"

"काढा. गुळगुळीत काढा."

"गुळगुळीत?" राजेश्री थबकली, पण तोवर तिच्या हातातली सुई आश्रुबाला दिसली होती.

"ओ बाई! दाढीला सुई कामून?"

पडद्यापलीकडे दत्ताच्या हातातला वस्तरा थांबला आणि सगळं सलून हसून हसून लोटपोट झालं. राजेश्रीने कपाळावर हात मारून घेतला. मग तिने त्याला समजावलं की दाढी दत्ता करील, दाढ मात्र काढायची गरज नाही, भरता येईल. आश्रुबा दाढ भरून घेऊन आणि अर्धीच दाढी करून बाजारात गेला. उरलेली अर्धी त्याने मुद्दाम ठेवली, कारण तिच्याशिवाय गोष्टीला साक्ष राहिली नसती. थोड्या वेळाने सलूनपासून केळीवाल्याच्या गाड्यापर्यंत रांग लागली. सांगणारे वाढले तसे बघणारे वाढले, आणि बघायला आलेल्यांपैकी निम्म्यांना आपलाही दात हलतोय असं वाटू लागलं.

रस्त्यापलीकडे भगवानराव गाळ्याच्या दारात उभे राहून एसटीच्या कंडक्टरसारखे ओरडत होते, "या, या! मोठी खुर्ची हाय! गार हवा हाय!" आत योगीराज त्याच मोठ्या खुर्चीत पाय पसरून मोबाइलवर मोगऱ्याच्या जाती बघत होता. एक बाई आत डोकावली.

"डॉक्टरीनबाई कुठंयत?"

"हे डॉक्टर हायेत की!" भगवानरावांनी मुलाकडे बोट दाखवलं.

"हे व्हय? हे तर गुलाबाचे," बाई म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

भगवानरावांनी चिडून वकिलांना फोन लावला. बन्सीधर वकिलांचा आवाज थकलेला होता. "अहो, तेच गुडविल. समोर रांग दिसतेय ना? तीच."

"ती रांग गुडविल हाय?" भगवानराव किंचाळले. "मग सांगितलं का न्हाई?"

"सांगत होतो. तुम्ही म्हणालात, मला कुणी आणलंय!"

भगवानरावांनी पुन्हा रांगेकडे पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी फोन बंद न करता तसाच हातात धरला आणि तरातरा रस्ता ओलांडला. रांगेसमोर उभं राहून त्यांनी एकेकाच्या पायांकडे बोट दाखवलं. "ही काय टेकलीत भुईला! समद्यांचे पाय टेकलेत! ठरल्यापरमानं तुमी समदे आमचे! चला गाळ्यात!"

रांगेने आपापल्या पायांकडे पाहिलं. मोटारसायकलवर बसलेल्या एकाने पाय वर घेतले. बाजारभर हिंडून परतलेला अर्ध्या दाढीचा आश्रुबा उडी मारून सलूनच्या ओट्यावर चढला. "आमी टेकलो न्हाई!" तो ओरडला, आणि त्याचं बघून रांगेतला जो तो मिळेल त्या पायरीवर, टोपलीवर, खोक्यावर चढू लागला.

"उतरा! समदे खाली उतरा!" भगवानराव सर्व ताकदीनिशी गर्जले, आणि त्या गर्जनेबरोबर त्यांच्या समोरच्या दाताची कॅप सुटली. ती हवेतून सरळ सलूनमध्ये गेली आणि दत्ताच्या साबणाच्या वाटीत पडली. ही कॅप कधीकाळी योगीराजने बसवली होती, मनात गुलाब असताना.

"तुमी शमदे—" भगवानराव म्हणाले आणि शिट्टी वाजली. त्यांनी गपकन तोंडावर हात ठेवला. ज्यांच्या शब्दाला पंचक्रोशीत वजन, त्यांच्या शब्दाला भर बाजारात भोक पडलं होतं. माणसं हसू आवरता आवरता लाल झाली.

राजेश्री हसली नाही. खरं तर हसायला आज तिला पूर्ण मुभा होती, पण उघडं तोंड दिसलं की तिला नातं दिसत नसे. "मामा, आत या. बसा," ती म्हणाली. भगवानराव कोकरासारखे लाल खुर्चीत बसले. तिने कॅप धुतली, निर्जंतुक केली, दात कोरडा केला, सिमेंट लावून कॅप नीट बसवली आणि कापूस दाताखाली दिला.

"घट्ट दाबून धरा. सिमेंट सुकेपर्यंत तोंड उघडायचं न्हाई, बोलायचं न्हाई. बोललात तर परत निघंल, आन् आता बाहेर मघापेक्षा जास्त माणसं जमलीत."

भगवानरावांनी हाताने विचारलं, किती वेळ?

"मी सांगंपर्यंत."

ते सिमेंट खरं म्हणजे दोन-चार मिनिटांत सुकायचं. ती दोन-चार मिनिटं उलटून गेली आणि राजेश्रीच्या मनात एक विचार आला. विचार इतका सुंदर होता की तिने हातमोजे काढून ठेवले, पडदा बाजूला सारला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, समोरचा गाळा आन् मोठी खुर्ची मला भाड्यानं पाहिजे. रीतसर भाडं देईन. बोर्डावर नाव माझं एकटीचं. तुमाला मंजूर नसंल, तर आत्ताच न्हाई म्हणा."

भगवानरावांचे डोळे मोठे झाले. "ऊं! ऊंऊं!"

"हळू, मामा. निघंल."

त्यांनी चटकन ओठ मिटले. आयुष्यभर ते दुसऱ्यांना गप्प बसवत आले होते. आज त्यांना स्वतःच्याच दातांनी बसवलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

"न्हाई म्हणले का?" राजेश्रीने रांगेला विचारलं.

"अजाबात न्हाई!" ओट्यावरून आश्रुबा म्हणाला. "म्या कान देऊन हाय."

"मीही ऐकतोय," भगवानरावांच्या मुठीतल्या फोनमधून बन्सीधर वकिलांचा आवाज आला. त्यात आता बरीच तरतरी होती. "मौन म्हणजे संमती. अभिनंदन, डॉक्टर."

राजेश्रीचे डोळे भरून आले. तिला एकदम खूप मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण दाराबाहेर आख्ख्या बाजाराने आधीच आरोळी ठोकली होती. गीताबाईंनी हत्यारांची पिशवी पुन्हा डोक्यावर घेतली आणि लग्नाच्या वरातीपुढे चालावं तशा रस्ता ओलांडायला निघाल्या. मागोमाग केळीवाल्याच्या गाड्यापासूनची सगळी रांग, आपला नंबर न सोडता, गाळ्याकडे चालू लागली. दत्ताने वस्तरा हवेत हलवून निरोप दिला.

गलका ऐकून योगीराज बाहेर आला, आणि काय झालं ते कळताच धावत सलूनमध्ये शिरला. "दादा बोलू शकत न्हाईत?" त्याने राजेश्रीला विचारलं. तिने मानेनेच 'नाही' म्हटलं. तो वडिलांच्या समोर उकिडवा बसला. "दादा, मला पिंगळीच्या रस्त्याला नर्सरी टाकायचीय. मी दातात रमलो न्हाई, रमणार न्हाई. तुमची ना असंल तर बोला."

भगवानरावांनी मुलाकडे पाहिलं. तो इतक्या आनंदाने आपल्याकडे बघतोय हे दृश्य त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांच्या नाकातून एक लांब सुस्कारा निघाला, पण ओठ मिटलेलेच राहिले. योगीराज उठला आणि राजेश्रीकडे वळला. "जमलं बग तुला," तो म्हणाला. "तुला बी," ती म्हणाली. कोर्टातली फारकत पुढे रीतसर झाली, पण त्या दोघांच्या हिशेबी ती इथे, साबणाच्या वासातच झाली.

एवढ्यात कुसुमबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. बाजारातून येता येता त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी डबा खाली ठेवला, नवऱ्याच्या मिटलेल्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि एका दमात सांगून टाकलं, "म्या जिंतूरला बहिणीकडं महिनाभर जायलेय. म्हशी तुमी बगा."

भगवानरावांनी राजेश्रीकडे कळवळून पाहिलं. "झालं, मामा. आता बोला," ती म्हणाली. त्यांनी कापूस काढला, जिभेने दात चाचपला, तोंड उघडलं, समोर बायकोकडे, मुलाकडे आणि गाळ्यावरच्या गर्दीकडे पाहिलं, आणि काय बोलावं ते न सुचून पुन्हा मिटलं.

कुसुमबाईंनी सुनेला हलकेच कोपऱ्यात ओढलं.

"राजेश्री," त्या कानाशी कुजबुजल्या, "ह्याच्याहून उशिरा सुकणारं मिळतं का गं?"

"मिळतं, आत्याबाई," डॉक्टर राजेश्री म्हणाली. "उद्याच मागवते."